सोडला की सुटला

होडी खाली उतरवायला आठ माणसं लागली, आणि आठही जण एकाच वेळी एकमेकांना शिकवत होते. एकेचाळीस वर्षं ती शाळेच्या सभागृहात चार साखळ्यांवर टांगलेली होती. तिच्याखाली उभी राहून मी कविता म्हटल्या, बक्षिसं घेतली, एकदा तापात चक्कर येऊन पडलेसुद्धा. वर पाहिलं की तिचं काळं पोट दिसायचं आणि माझी मान आपोआप ताठ व्हायची. ती माझ्या वडिलांनी, आप्पांनी, बांधलेली होती, आणि तिच्यातूनच आप्पा आणि भूगोलाचे मास्तर जबडा पार करून आले होते.

जबडा हा आमच्या नदीचा सहावा खळाळ. गावाच्या वरच्या अंगाला नदी दोन उभ्या कड्यांमधून येते. त्या घळईत ती सात ठिकाणी एकदम खाली घसरते, खडकांवर फुटते, आणि इतका आवाज करते की शेजारच्याचं बोलणं त्याच्या ओठांवरून ओळखावं लागतं. पहिले पाच खळाळ वाईट आहेत. सहावा वेडा आहे. मधोमध घराएवढा सुळका, त्याच्या डावीकडून जवळजवळ सगळं पाणी दोन पुरुष उंचीवरून खाली कोसळतं, आणि उजवीकडे काठाला लागून पाण्याची एक चिंचोळी, खडकाळ वाट.

नगरपालिकेने जुन्या गोदामात या नदीवरच्या प्रवासांचं संग्रहालय करायचं ठरवलं. तिथल्या मॅडम तरुण होत्या आणि फोनवर बोलतानाही हातवारे करायच्या. त्यांनी सगळा इतिहास चार फलकांवर मांडला होता. पहिला, मोजणीदाराचा. तो नऊ माणसं आणि दोन होड्या घेऊन निघाला. तिसऱ्या खळाळात एक होडी पीठ, दुर्बीण आणि स्वयंपाक्यासकट गेली, उरलेले कडा चढून परत आले. दुसरा, लाकडाचे ओंडके वाहून नेणाऱ्या एका माणसाचा. तो पैजेवर ओंडक्यांच्या तराफ्यावर आपल्या कुत्र्याला घेऊन बसला. खाली पुलाशी फक्त कुत्रा पोचला आणि त्यानंतर म्हणे तो कधी पाण्याजवळ गेला नाही. तिसरा, दोन भावांचा. ते कापडी होडीतून चौथ्या खळाळापर्यंत गेले आणि होडी फाटल्यावर नदीच्या मधल्या एका खडकावर तीन दिवस भांडत बसले. लोकांनी वरून दोर टाकून काढलं तेव्हाही ते एकमेकांशी बोलत नव्हते.

चौथा फलक आमचा. मास्तर, आप्पा आणि आप्पांचा धाकटा भाऊ, माझे काका, असे तिघे निघाले. पाच खळाळ पार केले. जबडा पाहून काकांचं धैर्य खचलं, ते वरच उतरले. मास्तर आणि आप्पा पुढे गेले आणि इतिहास घडला.

मी तो फलक वाचून मॅडमना परत दिला. त्यात नवीन काही नव्हतं. काकांना गावाने 'पळपुट्या' म्हणायला सुरुवात केली तेव्हा मी सहा वर्षांची होते, आणि ते गाव सोडून गेले तेव्हा सात.

होडी आधी डागडुजीसाठी माझ्या कारखान्यात आली. कारखाना म्हणजे आप्पांचाच. दोन वर्षांपूर्वी ते गेले तेव्हापासून माझा. नवीन गिऱ्हाईक अजूनही माझ्या खांद्यावरून आत डोकावतं आणि विचारतं, "मिस्त्री कुठे आहेत?" मी म्हणते, "तुमच्यासमोर उभ्या आहेत." पण त्या आठवड्यात माझाच माझ्या हातांवर भरवसा नव्हता. आप्पांच्या हातची होडी आणि मी तिच्यावर रंधा फिरवायचा! सारखं वाटायचं, ते मागे उभे आहेत आणि आता 'हं' म्हणतील. त्यांचं ते 'हं' नुसतं कामाला नव्हतं, ते माणसालाही लागायचं. मी पटाशी उचलायची, ठेवायची, बाहेर जाऊन यायची, पुन्हा उचलायची.

चौथ्या दिवशी रंग खरवडून झाला आणि मी लाकूड वाजवून बघायला घेतलं. मोगरीच्या, म्हणजे लाकडी हातोडीच्या, दांड्याने ठोकत गेलं की चांगलं लाकूड एका सुरात बोलतं, कुजलेलं घोगरं होतं. दोन्ही बाजूंच्या फळ्या मागे ज्या उभ्या लाकडात येऊन मिळतात, त्या मागच्या खांबावर मी आले. ठक, ठक, ठक, आणि मग ठप.

कुजलेलं नव्हतं. मी भिंग घेतलं. खांबाच्या मधोमध तळहाताएवढं शंकरपाळ्याच्या आकाराचं ठिगळ होतं, आणि ते इतकं बेमालूम बसवलं होतं की केसाएवढी फट शोधायला मला पाऊण तास लागला. लाकडाच्या रेषेला रेष जुळवलेली. एका रेषेत मूळ लाकडात बारीक गाठ होती, तर तिचा उरलेला अर्धा भाग ठिगळात आणून मिळवला होता. असं काम आमच्या भागात एकच माणूस करू शकत होता.

ठिगळ काढायला अख्खा दिवस गेला. खालचं लाकूड पाहिलं आणि मी दिवा जवळ ओढला.

चार खिळ्यांची भोकं होती. ती गोल राहिली नव्हती, मागच्या दिशेला फाकून लांबट झाली होती. त्यांच्यामधलं लाकूड तंतूंसकट उपटून गेलं होतं आणि तंतूंच्या मुळाशी अजून नदीची वाळू अडकलेली होती. इथे एक लोखंडी कडी होती, नुसत्या खिळ्यांनी ठोकलेली, आणि ती मागच्या बाजूने कुणीतरी प्रचंड जोराने खेचल्यामुळे उखडली होती.

आप्पा आयुष्यात एकदाच कामगारावर ओरडले होते. त्याने एका होडीची कडी खिळ्यांनी बसवली होती. आप्पांनी मोगरी भिंतीवर फेकली होती. "कडी आरपार बोल्टानेच! आतून पट्टी लावून!" म्हणताना त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला तेव्हा वाटलं होतं, म्हाताऱ्याचा हेकटपणा.

आई मागच्या खोलीत वाटाणे सोलत होती.

"आई, जबड्यात होडीला मागून दोर बांधला होता?"

एक वाटाणा टोपलीबाहेर उडाला. तो पलंगाखाली जाईपर्यंत आईने त्याच्याकडे पाहिलं. "कुणी सांगितलं?"

"होडीने."

"लाकडं बोलायला लागली का आता? खपली धरलीय बाई, कशाला नखं लावतेस?"

"आई."

"मला काही माहीत नाही. मी होते का होडीत? मला एवढंच माहीत आहे की मिरवणूक झाली आणि दुसऱ्या आठवड्यात तुझा बाप दार लावून त्या होडीवर कामाला बसला. मला आत येऊ देईना. जेवण उंबऱ्यावर ठेवायचं, ताट उंबऱ्यावरून उचलायचं. आणि पुढे दर वर्षी एकदा भावजींना पत्र लिहायला बसायचा. लिहायचा आणि फाडायचा." तिने पुढची शेंग उचलली आणि सोलायची विसरली. "पत्ता मला पाठ आहे. पाकिटं मीच करून द्यायचे ना."

तो पत्ता घेतला, पण आधी मास्तरांकडे गेले. एक्याऐंशी वर्षांचे मास्तर चार पायांची काठी टेकत खोलीच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फेऱ्या घालत होते. डॉक्टरांनी वीस सांगितल्या होत्या, ते साठ घालायचे. बोलायचं तर त्यांच्या मागून चालावं लागे.

"दोर होता," ते सरळ म्हणाले. "इतक्या वर्षांत मला कुणी विचारलंच नाही."

"म्हणजे काय ठरलं होतं?"

"ठरलं असं, की जबड्यातून जायचंच नाही. माणूस जिवंत राहत नाही तिथून. उजव्या काठाने, त्या चिंचोळ्या वाटेने, होडी दोराने हळूहळू खाली सोडायची. तुझा काका काठावर. दोराचा खडकाला वेढा घालून तो थोडा थोडा सैल सोडणार. आम्ही दोघं आत, खडकांपासून होडी लांब ढकलायला. खालच्या डोहात पोचलो की काकाला घ्यायचं." ते वळले, मीही वळले. "अर्ध्यावर असताना एकदम झटका बसला आणि होडी मोकळी झाली. थेट सुळक्याच्या डावीकडे. मी पुढे तोंड करून बसलेलो, मला फक्त पाणी दिसत होतं. मी ओरडलो, काय झालं? मागून तुझे वडील म्हणाले, दोर सुटला."

"सुटला म्हणाले की सोडला?"

"पोरी, दोन पुरुष खाली पडताना व्याकरण कोण बघतं?"

"आणि या प्रवासावरच्या तुमच्या पुस्तिकेत तुम्ही लिहिलंत, काका पळाले."

मास्तर थांबले. "कुठेही नाही! मी लिहिलं, 'आमचा तिसरा सहकारी जबड्याच्या वर उतरला.' त्यातला एक शब्द खोटा दाखव."

"गाळलेलं वाक्य दाखवू का?"

आता ते उभेच राहिले. "खाली सातव्या खळाळाने आम्हाला थेट पुलापर्यंत आणून टाकलं. पुलावर दोन हजार माणसं होती. खांद्यावर घेतलं आम्हाला. मी त्यांना काय सांगायचं होतं? की आम्ही भीतभीत काठाने चाललो होतो आणि अपघाताने इतिहास घडला?" मग आवाज उतरला. "मला वाटलं होतं, नंतर सांगू."

बसमध्ये मला एका जागी बसवेना. सहा तासांत तीनदा जागा बदलली. पिशवीत ते ठिगळ होतं, फोनमध्ये खांबाचे फोटो, आणि डोक्यात आप्पा. मला होडीची कला शिकवणारे, कधी खोटं न बोलणारे आप्पा. खोटं ते खरंच बोलले नव्हते. बोललेच नव्हते.

दार उघडणाऱ्या माणसाला मी ओळखलं नाही. त्याने मला ओळखलं. "दादाचं नाक," तो म्हणाला. "ये."

काकांनी तेहतीस वर्षं रस्त्यावरचा रोलर चालवला होता. "बारा टनांचा," त्यांनी चहा ठेवता ठेवता सांगितलं. "शेजारून चालणारा माणूस पुढे निघून जातो. पण त्याला कुणी ओढू शकत नाही आणि तो वाहून जात नाही. मला तेच हवं होतं." काकू चार वर्षांपूर्वी गेल्या होत्या. खोली नीटनेटकी होती, पण काका सतत काहीतरी हलवत होते. खुर्ची, पेला, पडदा. पेला ते दोन्ही हातांनी उचलायचे. पंजे पूर्ण उघडत नव्हते. तळव्यांची कातडी गुळगुळीत, चकचकीत, एकही रेषा नसलेली. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

"हात बघून भविष्य सांगणारे माझ्याकडे काही मागत नाहीत," ते म्हणाले. "बोल. उगाच नाही आलीस."

मी म्हटलं, "त्या दिवशीचं तुमच्या तोंडून ऐकायचंय."

ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. सांगायला लागले तेव्हा चहा निवला होता.

"दोराचे दोन वेढे बसायला हवे होते खडकाला. खडक तसला, एकच बसला. हात हात भर सोडत होतो. दोर ओला, वर वाळू लागलेली. पहिल्या दहा हातांतच कातडी गेली. तरी धरून होतो. मग होडी खडकाआड गेली, दिसेना. आणि मग दोर गेला. गेला म्हणजे गेला, मी रिकाम्या हातांनी उभा. एकेचाळीस वर्षं झाली, मी त्याच क्षणात आहे. सुटला का मी सोडला? दुखत होतं गं. फार दुखत होतं. दुखलं की हात सोडतो, माणसाला विचारत नाही."

"मग?"

"मग काय. दोघांना मी मारलं. त्यांची प्रेतं शोधत काठाकाठाने निघालो. कडे चढायचे, उतरायचे, प्रत्येक डोहात वाकून बघायचं. हात शर्टात गुंडाळलेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुलावर पोचलो. कमान उभी होती, फुलं सुकलेली. एक माणूस झाडत होता. त्याला विचारलं, कसली कमान? तो म्हणाला, जबडा पार केला त्यांची, दोघंही धडधाकट आहेत. मी तिथेच रस्त्यात बसून रडलो. इतका आनंद मला त्याआधी झाला नाही आणि नंतरही नाही." ते थांबले. "मग घरी गेलो. दादा दारात उभा होता. त्याने माझे हात पाहिले आणि आत गेला. मला वाटलं, औषध आणायला गेला. मी थांबलो. औषध वहिनींनी आणलं. तेव्हा मला कळलं की मी दोर सोडला होता. दादा मागे बसला होता ना. त्याने पाहिलं असणार."

"काका, एकच विचारते. दोर गेला तेव्हा तो हातातून पळत गेला, का आधी हलका झाला?"

"म्हणजे?"

"आठवून सांगा. आधी काय झालं?"

ते उठले. खोलीच्या मधोमध पाय रोवून उभे राहिले आणि हवेत दोर धरला. डोळे मिटले. पंजे थोडे थोडे पुढे सरकत होते, मागे ताणत होते, आणि एकाएकी ते दोन पावलं मागे धडपडले. पाठ कपाटावर आपटली.

"हलका झाला," ते म्हणाले. "एकदम हलका. मी पाठीवर पडलो. मग तो पळायला लागला. पाण्याने ओढला. मी धरायला गेलो पण हात..."

"तुमच्या हातात असताना हलका झाला. म्हणजे दुसरं टोक आधी गेलं होतं." मी फोन पुढे केला. फोटोतलं उपटलेलं लाकूड, खिळ्यांची लांबट भोकं. टेबलावर ठिगळ ठेवलं. "हे वर बसवलेलं होतं. आप्पांच्या हातचं आहे. कडी उखडली, काका. तुम्ही दोर सोडला नाही आणि तुमच्या हातून सुटलाही नाही."

त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"खिळे मीच दिले होते त्याच्या हातात," ते हळू म्हणाले. "मी म्हटलं, दादा, बोल्ट? तर म्हणाला, मास्तरांना उद्या निघायचंय."

मला वाटलं होतं ते रडतील, निदान सुस्कारा टाकतील. त्यांनी चहाचे दोन्ही पेले मोरीत ओतले. "तू आता जा," ते म्हणाले. "बस चुकेल." बसला अजून अडीच तास होते.

पुढचे सतरा दिवस माझे कसे गेले ते मलाच ठाऊक. मॅडम रोज विचारायच्या, होडी कधी देता. मी म्हणायची, उद्या. ठिगळ पुन्हा बसवायचं की नाही याच्यावर सगळं अडलं होतं. सकाळी वाटायचं बसवावं; आप्पा गेले, गेलेल्याला कशाला उघडं पाडायचं. दुपारी वाटायचं, एक जिवंत माणूस बारा टनांच्या लोखंडावर लपून बसला होता तो याच तुकड्यामुळे. मी कारखाना झाडायची, झाडलेलाच पुन्हा झाडायची. आईशी दोनदा भांडले, दोन्ही वेळा मिठावरून.

अठराव्या दिवशी काका हातात छोटी बॅग घेऊन दारात उभे होते.

आई पुढे आली. त्या दोघांनी एकमेकांना चाळीस वर्षांनी पाहिलं आणि आई पहिलं वाक्य बोलली ते हे: "भावजी, हात दाखवा."

काकांनी शाळेतल्या मुलासारखे दोन्ही हात पुढे केले. आईने ते उलटेसुलटे करून पाहिले. "वाईट भरलेत."

"मलम तुम्हीच लावलं होतं, वहिनी."

"मग तक्रार करायला इतका उशीर केलात?" आई म्हणाली, आणि पदराने नाही, सरळ हाताच्या पाठीने डोळे पुसून स्वयंपाकघरात गेली.

काकांनी होडीला एक फेरी मारली. मागच्या खांबाशी वाकून त्या भोकात बोट घातलं आणि तंतू चाचपले. मग ठिगळ हातात घेऊन उजेडात धरलं. ती अर्धी गाठ त्यांनाही दिसली.

"दादाने आयुष्यात केलेलं सगळ्यात चांगलं काम हे," ते म्हणाले. आवाजात कौतुक होतं आणि राग होता, आणि दोन्ही सारखेच खरे होते.

"ते पत्रं लिहायचे, काका. दर वर्षी. लिहून फाडायचे."

"फाडलेलं पत्र पोस्टमन आणत नाही."

आप्पांची बाजू घ्यायला मी तोंड उघडलं, पण बाजूच सापडली नाही.

मास्तरांना मी कळवलं होतं. ते टॅक्सीने आले, काठी टेकत आत शिरले, काकांना पाहून थांबले. मॅडमही चौथा फलक घेऊन आल्या होत्या. त्यांना वाटलं होतं आज होडी मिळणार.

"मी 'उतरला' असं लिहिलं होतं," मास्तर म्हणाले. त्यांनी बहुधा दुसरं काही ठरवून आणलं होतं, पण तोंडातून हेच निघालं.

"पुढे दोन दिवस चालला, तेही लिहायचं होतं मास्तर."

मास्तर खांबाकडे गेले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी भोक पाहिलं, बराच वेळ पाहिलं. वळले तेव्हा मला म्हणाले, "कागद घे. लिही."

तीन तास लागले. मास्तर सांगायचे, काका अडवायचे, मॅडम दोघांकडे आळीपाळीने बघायच्या. "मग जबडा पार केला की नाही?" त्यांनी शेवटी काकुळतीने विचारलं.

"केला," मास्तर म्हणाले. "इच्छा नसताना." आणि फलकावर उतरलेल्या स्वतःच्याच चाळीस वर्षांपूर्वीच्या मजकुरातला 'पराक्रम' हा शब्द त्यांनी स्वतः खोडला. कडीबद्दल काय लिहायचं यावर सगळे माझ्याकडे बघू लागले. मी लिहिलं: 'कडी खिळ्यांनी बसवली होती. ती होडी बांधणाऱ्याने घाईत बसवली होती, आणि ती उखडली हे त्याला माहीत होतं.' वाचून दाखवताना दुसऱ्या वाक्यावर मला थांबावं लागलं. काका म्हणाले, "राहू दे ते." राहू दे म्हणजे ठेव की काढ, ते मी विचारलं नाही. मी ठेवलं. खांब उघडाच राहील आणि होडीची मागची बाजू दाराकडे असेल, हेही तेव्हाच ठरलं. मॅडम म्हणाल्या, लोकांना पुढची बाजू आवडते. मी म्हटलं, लोकांना फेरी मारू द्या.

आता एक अडचण उरली. एवढी वर्षं कोरडी राहिलेली होडी आक्रसते. फळ्यांमधून बोट जाईल इतक्या फटी पडतात. ती चार दिवस उथळ पाण्यात बुडवून ठेवावी लागते, मग लाकूड फुगतं आणि फटी मिटतात. संग्रहालयात ठेवायला याची गरज नव्हती. पण काकांनी विचारलं, "तरंगेल का?" आणि मला 'नाही' म्हणवेना.

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही ती पुलाखालच्या संथ पाण्यात लोटली. मी वल्ह्यांवर बसले. काका मागे, सुकाणूपाशी, आप्पांच्या जागेवर. बसण्याआधी त्यांनी ती फळी हाताने दोनदा पुसली. मास्तर काठावर उभे राहणार होते. पण काठी आईच्या हातात देऊन, मॅडम 'अहो, अहो' म्हणत असताना, ते सरळ पुढे येऊन बसले.

"पडलात तर मी पाण्यात येणार नाही," आई ओरडली. "आधीच सांगते!"

पहिली दहा मिनिटं होडी कोरडी राहिली. मग डाव्या फळीतून पाणी यायला लागलं. मास्तर डब्याने ते उपसू लागले, आणि उपसता उपसता मला वल्हं कसं मारावं ते शिकवू लागले. काका म्हणाले, दादा फटीत काथ्या भरताना नेहमीच हात आखडता घ्यायचा. मी म्हटलं, तसं काही नाही. काका म्हणाले, तुला काय माहीत, तू तेव्हा दुधाचे दात पाडत होतीस. मला हसू आलं, आणि त्याच वेळी आप्पांचा इतका राग आला की वल्हं पाण्यावर आपटलं आणि मास्तर भिजले.

कारखान्याच्या घाटाशी परत वळायचं ठरलं होतं. काकांनी वळवलं नाही. होडीचं तोंड त्यांनी वर, घळईकडे धरलं.

"काका?"

"आवाज ऐकू येईल एवढंच जाऊ."

प्रवाहाविरुद्ध वल्हवताना माझे दंड भरून आले. कडे जवळ आले, सावली पाण्यावर पडली, गारवा जाणवू लागला. मग वरून तो आवाज आला, आधी छातीत आणि नंतर कानात. मास्तरांचा डबा हातातच राहिला. कुणीच 'थांब' म्हणालं नाही. आम्ही आणखी एक वळण घेतलं आणि पांढरं पाणी दिसलं, सातवा खळाळ, त्याच्यावरून उडणारा फेस.

काका ते बघत बसले होते. ओठ हलत होते, पण ऐकू काही येत नव्हतं, आणि मी वाचायचा प्रयत्न केला नाही.

पाणी घोट्याच्या वर आलं तेव्हा मास्तरांनी माझ्या गुडघ्यावर डब्याने ठोकून खाली बोट दाखवलं. काकांनी सुकाणू फिरवलं, प्रवाहाने होडी उचलली आणि आम्ही तिघेही वेड्यासारखे पाणी उपसत, एकमेकांवर ओरडत, पुलाकडे निघालो.